युद्ध कशावरून झालं

मिहीरनं मसालेभात दुसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा वरदाच्या जिवात जीव आला.

अलकामावशीला घेऊन तो ब्रॅकनेलला गेला, तेव्हापासून त्यानं लंडनमधल्या एजवेअरच्या या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आईशी दर रविवारी फोन चालू होता. दिवाळीत मिल्टन कीन्सला वरदाकडे एक चक्कर व्हायची. बाबांशी मात्र शब्द नाही. जानेवारीत मावशी गेली. तिचे दिवस मिहीरनं केले, आणि बाबा आले नाहीत. गुडघा म्हणाले. आणि आज मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या रविवारी तोच मिहीर बाबांच्या समोर बसून कोशिंबीर मागत होता, बाबा वाडगा पुढे सरकवत होते, आणि आई दोघांकडे न बघता पोळ्यांवर तूप लावत होती.

हे जुळवून आणायला वरदाला थोडं खोटं बोलावं लागलं होतं. मिहीरची अट एकच होती. बाबांनी एकदा, सगळ्यांदेखत सांगायचं की आपलं कशावरून फाटलं. माफी नको, रडारड नको, कारण सांगू देत. "सांगतील," वरदा फोनवर म्हणाली होती. बाबांना तिनं कळवलं ते एवढंच, की दादा जेवायला येतोय. अटीचं नाव काढलं नाही. बाबांनी ऐंशी ओलांडली होती. ऐंशीनंतर माणसं मऊ होतात, असं आपल्या सर्जरीतल्या, म्हणजे दवाखान्यातल्या पेशंटांवरून तिला वाटायचं. आपल्या माणसाचं निदान आपण करायचं नसतं, हे डॉक्टर असून ती विसरली.

*

कारणं, जशी सांगितली गेली

मंडळातल्या लोकांना: मिहीरला ब्रॅकनेलला नोकरी लागली, रोज एजवेअरहून जाणं परवडत नाही.

अमरावतीच्या नातेवाइकांना: पोरगं इथलं झालं. इथली पोरं अठरा झाली की उडतात.

शाळकरी वरदाला: मोठ्यांच्या गोष्टी.

स्वतः बाबा, कोणी फारच खोदून विचारलं तर: प्रश्न तत्त्वाचा होता. प्रत्येक घराला आपला कारभार आपल्या रीतीनं चालवायचा हक्क असतो. मुलानं बापाच्या घरात बाहेरचा कायदा आणायचा नसतो.

*

अलका ही आईची मावसबहीण. नवऱ्यानं टाकलेली. वरदा तीन वर्षांची असताना तिला इंग्लंडला आणली, तेव्हा सगळ्या गोतावळ्यानं बाबांचं कौतुक केलं, की बघा, बाईचं कल्याण केलं. ती घरचीच होती. या एका शब्दानं पुढे सगळं भागवलं. घरच्या माणसाला पगार देतात का? घरच्या माणसाला सुट्टी कशापासून? तिचा पासपोर्ट आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कारण हरवला तर पंचाईत. ती बॉक्सरूममध्ये इस्त्रीच्या टेबलाशेजारी झोपायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. वरदाच्या वेण्या, डबे, बाबांची रात्रपाळी असली की सकाळी गरम जेवण. बाहेर जायची ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.

मिहीरला नोकरी लागून दोन-तीन महिने झाले असतील. आई-बाबा कामावर असताना तो एके दिवशी आला आणि मावशीला घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात बाबा गाडी काढून ब्रॅकनेलला गेले. त्याच्या फ्लॅटच्या दारात उभे राहून बरंच बोलले आणि शेवटी म्हणाले, व्हिसा माझ्या नावावर आहे, होम ऑफिसला एक फोन केला तर पुढच्या विमानानं परत जावं लागेल. मिहीर दार अडवून उभा राहिला. मावशी त्याच्या मागे जिन्यात, कार्डिगनची बटणं लावत होती. बाबा एकटेच परत आले. ते सगळं वरदाला नंतर, तुकड्यातुकड्यांनी, मिहीरकडून कळलं.

*

ठराव

विषय काढला तो तनिषानं, आणि तिचा त्यात काही हेतू नव्हता. वरदाची सतरा वर्षांची पोर, हिस्टरीचा कोर्सवर्क डोक्यावर, आणि मसालेभातापेक्षा आजोबांशी बोलण्यात तिला जास्त रस.

"आजोबा, माझा कोर्सवर्क अमेरिकन सिव्हिल वॉरवर आहे. काय कॉज होता, स्लेव्हरी की स्टेट्स राइट्स. माझी मिस म्हणते कॉज आणि मोटिव्ह सेम नसतो."

बाबांचे डोळे चमकले. वरदानं ती चमक लहानपणापासून पाहिली होती आणि आज ती नको होती. पण बाबा सुटले. आपल्या वऱ्हाडाला या युद्धाची आठवण असायला हवी, ते म्हणाले. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या आणि अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपला पणजा त्यातच वर आला. तिकडे माणसं मरत होती आणि इकडे आपण नवी बैलजोडी घेत होतो. मग आईकडे वळून म्हणाले, "सुनीती, सुपारी आण. होऊन जाऊ दे."

आई उठली. तिला उठावंच लागलं.

हा अप्पांचा, म्हणजे बाबांच्या वडिलांचा खेळ. अप्पा अमरावतीला वकिली करायचे. घरात भाऊबंद भांडायला लागले, की त्यांची बायको एका मुठीत सुपारी आणि दुसऱ्या मुठीत खडीसाखर धरायची. सुपारी निघाली त्यानं ठरावाच्या बाजूनं बोलायचं, खडीसाखर निघाली त्यानं विरुद्ध. स्वतःला काय वाटतं त्याला किंमत नाही, जे हातात येईल ते मांडायचं. आवाज चढवायचा नाही. आणि झाल्यावर, तुला खरं काय वाटतं, असं कोणी कोणाला विचारायचं नाही. वाद होऊन जातो, वैर होत नाही, असं अप्पा म्हणत. लहानपणी मिहीर आणि वरदा या टेबलावर फाशीच्या शिक्षेपासून पोळी की भात इथपर्यंत सगळ्यावर बोलले होते, दोन्ही बाजूंनी, तितक्याच तयारीनं. मिहीर गेल्यावर आईच्या मुठी कधी पुढे आल्या नव्हत्या.

आज आल्या.

ठराव बाबांनीच सांगितला. अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, तर राज्यांच्या हक्कांवरून झालं.

मिहीरनं आईच्या डाव्या मुठीवर बोट ठेवलं. सुपारी.

*

सुपारी

वरदाला वाटलं, तो नाही म्हणेल. खुर्ची मागे सारून उठेल. पण मिहीरनं सुपारी ताटाशेजारी ठेवली, हात पुसले आणि बोलायला लागला. एवढ्या वर्षांनी, त्याच खुर्चीत.

सुरुवात कोरडी होती. राज्यं आपखुशीनं एकत्र आली होती, तर आपखुशीनं बाहेर का पडू नयेत? आयातीवरचे कर उत्तरेच्या सोयीचे, ते भरायचे दक्षिणेनं. शिवाय दक्षिणेकडून लढलेल्या बहुतेक सैनिकांकडे एकही गुलाम नव्हता. तो गरीब शेतकरी काय दुसऱ्याचे गुलाम राखायला मेला? तो आपल्या घरासाठी मेला. तनिषा भराभर टाइप करत होती. बाबा मान डोलवत होते, जशी ते पूर्वी डोलवायचे, चांगल्या मुद्द्याला.

मग त्याचा आवाज खाली आला.

"आणि उत्तरेच्या माणसानं दक्षिणेच्या घरात डोकवायचं कारण काय? कोण कुठे झोपतं, कोण किती वाजता उठतं, हा त्या घराचा प्रश्न. ती माणसं दुःखी आहेत, असं तुम्हाला सांगितलं कोणी? ती घरचीच आहेत. आम्ही त्यांना जेवायला घालतो. आजारी पडली तर औषध देतो. बाहेर पडली तर त्यांना विचारणार कोण? भाषा येत नाही, बस कुठली पकडायची कळत नाही. हक्क म्हणून तुम्ही त्यांना रस्त्यावर आणणार आणि मग आपल्या घरी जाऊन झोपणार."

वाडगा खरवडणारा आईचा चमचा थांबला.

मिहीरनं यातलं एकही वाक्य नवीन केलं नव्हतं. ब्रॅकनेलच्या दारात बाबा जे बोलले होते, ते त्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं, आणि आज परत केलं. वरदानं बाबांकडे पाहिलं. त्यांना कळलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येईना. आयुष्यभर भूल देण्याचं काम केलेला माणूस, चेहरा शांत ठेवायचा सराव त्यांना होता.

"छान मांडलंस," बाबा म्हणाले.

*

खडीसाखर

बाबांनी खडीसाखरेचा खडा बशीत ठेवला. ऑपरेशनच्या आधी पेशंटशी बोलायचे तसं हळू, एकेक शब्द सुटा करत ते बोलले.

हक्क हे अर्धंच वाक्य आहे, ते म्हणाले. कोणी हक्क म्हणालं की विचारायचं, कशाचा? फुटून निघताना त्या राज्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत. मिसिसिपीनं तर सुरुवातीलाच लिहिलं, की आमचं सगळं गुलामगिरीच्या संस्थेशी बांधलेलं आहे. करांचा, तत्त्वाचा डांगोरा नंतरचा. हरल्यावर, म्हातारपणी, आठवणी लिहायला बसल्यावर त्यांना हक्क आठवले.

"हे लिहून घे, तनिषा. हरलेली माणसं कारण बदलतात. आधीचं वाच, नंतरचं नको."

ते रंगात आले होते. वरदाला वाईट वाटलं, कारण ते सुरेख बोलत होते. हाच माणूस आपला बाप, आणि याला सगळं कळतं, असं तिला लहानपणी वाटायचं तसं पुन्हा वाटलं.

"आणि राज्यांच्या हक्कांची एवढी चाड होती ना? मग पळून उत्तरेत गेलेल्यांना पकडून परत देण्याचा कायदा कोणी मागितला? दक्षिणेनं. उत्तरेतली राज्यं म्हणत होती, आमच्या हद्दीत आलेला माणूस आम्ही देणार नाही. तेव्हा राज्याचा हक्क कुठे गेला? तेव्हा यांना दुसऱ्याचं घर दिसलं नाही. आपल्या घरात कोणी डोकवायचं नाही म्हणणारेच दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले, कायद्याची भीती घातली, आणि"

*

*

"बोला ना," मिहीर म्हणाला. "दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आणि?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला. प्यायले नाहीत, नुसता धरला. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन चालू होतं, ते इतका वेळ कोणाला ऐकू आलं नव्हतं.

"आणि म्हणून," बाबा म्हणाले, "युद्ध गुलामगिरीवरून झालं. ठराव फेटाळावा."

तनिषानं टाळ्या वाजवल्या, दोन-तीन, आणि कोणीच वाजवत नाही हे बघून हात खाली घेतले.

*

नियम

"बाबा," मिहीर म्हणाला, "हे खडीसाखरेचं होतं की तुमचं?"

वरदाला वाटलं, आता. एक शब्द पुरे होता. माझं, एवढं म्हटलं असतं तरी मिहीर आज राहिला असता, पुढच्या रविवारी आला असता, बाबांना खांदा द्यायला एक मुलगा असता.

"झाल्यावर विचारायचं नाही," बाबा म्हणाले. "अप्पांचा नियम आहे."

"अप्पा वारले."

"आणि हे बघ, तुलना करू नकोस. त्या माणसांना फटके मारले, त्यांची पोरं विकली. अलकाला या घरात कोणी बोट लावलं नाही. असली तुलना म्हणजे त्यांचाही अपमान."

"मी तुलना केली नाही. मी कारण विचारलं."

तनिषा लॅपटॉपवरून बोटं काढून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. अलकाआजी तिला माहीत होती ती ब्रॅकनेलची, मामाकडची, सोफ्यावर पाय दुमडून टीव्ही बघणारी आणि तिला राजगिऱ्याचे लाडू देणारी. तिचं नाव इथे कसं आलं, हे तिला आत्ता कुठे कळत होतं.

बाबा काहीतरी म्हणायला गेले. "माझ्या घरात," एवढं म्हणाले आणि पुढचं आलं नाही. बशीतला खडा त्यांनी मिहीरपुढे सरकवला. वाद झाला की हरलेल्यानं आधी तोंड गोड करायचं, हाही नियमच.

या घरात कुठलीही बाजू मांडायला सगळे शिकले होते. आपली कुठली, ते सांगायची कोणाला सवय लागली नाही. मिहीर उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं, आईला म्हणाला भात छान झाला होता, आणि बूट घालायला हॉलमध्ये गेला.

*

हॉल

वरदा मागोमाग गेली. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लेस सोडवत होता.

"तू म्हणाली होतीस, सांगतील."

आता हा पुन्हा यायचा नाही आणि पुढची भेट कुठे होईल, तेही तिला दिसत होतं. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, नाहीतर त्याहून पुढचं काही.

तेवढ्यात आई आली. हात ओले, पदरालाही पुसले नव्हते.

"हक्कबिक्क काही नव्हतं रे," ती म्हणाली. "मी लॅबमधून सहाला सुटायचे. थंडीत दोन बसेस. दार उघडलं की कुकरचा वास यायचा. मला ते हवं होतं. एवढंच होतं ते."

मिहीरनं वर पाहिलं.

"तिला सोडू या, आपलं आपण बघू, असं यांनी दोनदा म्हटलं होतं. मी रडले. पासपोर्ट मी ठेवला. ब्रॅकनेलला जा म्हणून यांच्या मागे लागले, तीही मीच. तत्त्व यांनी नंतर शोधलं, माझं नाव यायला नको म्हणून."

"सुनीती, बस." बाबा दारात येऊन उभे राहिले होते, चौकटीला धरून. "गेलो मी होतो. गाडी मी चालवत नेली. त्या दारात उभं राहून बोललो तो मी."

मिहीरला जे हवं होतं ते हेच, आणि आता ते कुठे ठेवायचं ते त्याला कळेना. त्याचा चेहरा लहानपणी ताप आला की व्हायचा तसा झाला. "दर रविवारी," तो आईला म्हणाला. "दर रविवारी मी तुला फोन करत होतो. बाबांनी असं का केलं म्हणून तुझ्यापाशी बोलत होतो. तू ऐकत होतीस."

"तू मला कधी विचारलंच नाहीस," आई म्हणाली. "यांनाच विचारत राहिलास. मला ते बरं वाटत होतं."

वरदाच्या मनात आलं की तिच्या वेण्या, तिचे डबे, तेही त्या कुकरच्या वासातच होते, आणि आईनं ते मोठ्या मनानं वगळले.

"पण अलकाआजी काय म्हणायची?"

तनिषा बाबांच्या खांद्यामागून विचारत होती. तिला कोणाला दुखवायचं नव्हतं, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "म्हणजे तिला काय वाटायचा? कशामुळे गेली ती इथून? मामा, तुझ्याकडेच होती ना ती, एवढे सगळे इयर्स?"

सगळ्यांनी मिहीरकडे पाहिलं.

मिहीरनं तोंड उघडलं. मावशीबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. ऑफिसच्या कॅन्टीनमधली तिची नोकरी, तिथल्या बायकांशी ती कुठल्या इंग्लिशमध्ये भांडायची, पहिल्या पगारातून तिनं काय घेतलं, चहात साखर किती. तिची गोष्ट त्यानं कितीदा सांगितली होती, सॉलिसिटरला, आपल्या बायकोला, ऑफिसातल्या मित्रांना, दर वेळी चिडून, दर वेळी तिच्या वतीनं. ती शेजारी बसलेली असायची. मान हलवायची. त्या दुपारी तो या घरात आला होता आणि म्हणाला होता, मावशी, बॅग भर. तिनं भरली. ते त्यानं उत्तर धरलं होतं.

एक बूट पायात, एक हातात. त्यानं हातातला खाली ठेवला.

"मामा?"

"तिला जायचं होतं," तो म्हणाला. मग थांबला. "असणारच."

"तिनं सांगितला तसं?"

आई त्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि तो सरकला नाही, ना तिच्याकडे, ना लांब. बाबा चौकटीतच होते. वरदाला तो थांबायला हवा होता आणि तो थांबला होता.

"जानेवारीपर्यंत विचारता येत होतं," मिहीर म्हणाला.